घरच्या इंकजेटवरचा फोटो पारखताना

एपसनच्या एल३२५० या चार रंगांच्या, बाटलीने शाई भरायच्या टँक इंकजेट प्रिंटरच्या माहितीपत्रकात रिझोल्युशन दिलेलं आहे ५७६० × १४४० डीपीआय, म्हणजे इंचाला तेवढे ठिपके. त्याच कंपनीचा एल८०५ हा सहा रंगांचा, मुद्दाम फोटोसाठी म्हणून विकला गेलेला प्रिंटर. आता त्याची जागा एल८०५० ने घेतली आहे. एल८०५ च्या माहितीपत्रकातही आकडा तोच, ५७६० × १४४०. पण या दोघांवर एकच फोटो, एकाच कागदावर छापून शेजारी शेजारी ठेवा. चेहऱ्यावर नजर पडताच फरक कळतो. गंमत पुढे आहे. फोटो लॅबमधल्या फुजीच्या फ्राँटियर मशीनचं रिझोल्युशन असतं ३०० डीपीआय, आणि गुळगुळीतपणात ते या दोघांनाही मागे टाकतं.

तेव्हा खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा फोटोच्या दर्जाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. का, ते थोडं गणित करून बघू.

इंचाचे ५७६० भाग केले तर एक भाग साधारण ४.४ मायक्रॉनचा येतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एल३२५० चा लहानात लहान थेंब ३ पिकोलिटरचा. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. ऐकायला हे फारच सूक्ष्म वाटतं, पण थेंब गोल धरला तर त्याचा व्यास १८ मायक्रॉनच्या आसपास भरतो, आणि कागदावर पडल्यावर तो आणखी पसरतो. ४.४ मायक्रॉनच्या घरात १८ मायक्रॉनचा थेंब मावणार कसा? तो मावावा अशी अपेक्षाही नसते. थेंब किती बारीक अंतराने पुढेमागे टाकता येतो, एवढंच ५७६० हा आकडा सांगतो. फोटोतला किती बारीक तपशील दिसेल, हा वेगळा प्रश्न आहे.

लॅबचा कागद चांदीच्या क्षारांचा असतो. त्याच्यावरचा प्रत्येक बिंदू हवी ती छटा घेऊ शकतो: फिकट, मध्यम, गडद, मधलं काहीही. स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढून देणारी, उष्णतेने कागदावर रंग चढवणारी डाय-सब मशीनंही अशीच चालतात, तीही ३०० डीपीआयचीच असतात. इंकजेटला ही चैन नाही. थेंब पडतो किंवा पडत नाही. फार तर लहान, मध्यम, मोठा असे दोन-तीन आकार. मग फिकट गुलाबी रंग आणायचा कसा? गडद मॅजेंटाचेच (जांभळट गुलाबी शाईचेच) थेंब लांब लांब टाकायचे आणि मधला पांढरा कागद मोकळा सोडायचा. रांगोळीचा रंग चिमटीतून विरळ सोडला की लांबून तो फिका दिसतो, तसंच हे. कोणता थेंब कुठे टाकायचा याची गणितं ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, करतो. १९७६ साली फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या दोघांनी एका बिंदूवर झालेली छटेची चूक शेजारच्या बिंदूंवर वाटून टाकायची युक्ती मांडली. तिच्या लेकीसुना आजही कामाला आहेत.

हातभर अंतरावरून एकटा थेंब डोळ्याला वेगळा दिसत नाही. दिसतात ते थेंबांचे पुंजके, आणि तेही नेमके फिकट भागात, कारण तिथे थेंब विरळ असतात. गालाचा उजळ भाग, फिकं आकाश, पांढऱ्या भिंतीवरची हलकी सावली. अशा ठिकाणी प्रिंट बारीक रवाळ दिसते. फोटोच्या प्रिंटरमध्ये फिकट सायन (हिरवट निळा) आणि फिकट मॅजेंटा या दोन जादा शाया दिलेल्या असतात त्या याचसाठी: फिकी छटा आणायला फिक्याच शाईचे भरपूर थेंब टाकता येतात आणि रवा लपतो. एल८०५ चा लहानात लहान थेंबही १.५ पिकोलिटरचा, म्हणजे निम्मा आहे. खोक्यावर बघायचेच असतील तर हे दोन आकडे बघा: शाया किती आणि थेंब केवढा. बाकी सगळं कागदावर बघायचं.

आधी प्रिंटरला दोष देऊ नका

हाती आलेली प्रिंट वाईट असेल तर प्रिंटर वाईट, असा निकाल फार घाईने दिला जातो. त्या प्रिंटमागे फोटोची फाइल असते, कागद असतो, ड्रायव्हरमधलं सेटिंग असतं, शाई सोडणाऱ्या हेडची तब्येत असते आणि तुम्ही ज्या दिव्याखाली ती बघताय तो दिवाही असतो. माझा अंदाज असा की घरच्या प्रिंटरबद्दलच्या निम्म्याअधिक तक्रारी प्रिंटरच्या नसतातच. म्हणून पारख करायची म्हणजे एकेक संशयित बाजूला काढत जायचं.

पहिला संशयित व्हॉट्सॲप. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे दाबून लहान केला जातो. लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतात. ४ × ६ इंचांच्या, लॅबवाले ज्याला मॅक्सी साइज म्हणतात त्या प्रिंटला इंचाला २६७ पिक्सेल मिळतात आणि काम निभतं. तोच फोटो ए४ वर छापला तर इंचाला १३७ उरतात. मग डोळ्यांच्या पापण्या एकमेकींत मिसळतात, पैठणीच्या जरीचा लगदा होतो आणि आपण म्हणतो, प्रिंटरला शार्पनेस नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा किंवा केबलने घ्या. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेलच्या मूळ फाइलमध्ये ४००० × ३००० पिक्सेल असतात, आणि ए४ ला इंचाला ३०० च्या हिशेबाने ३५०८ × २४८० पुरतात. तेवढ्यात भागतं. त्याहून जास्त पिक्सेल घातले तर चार रंगांच्या प्रिंटरवर ते दिसायचे नाहीत.

जाता जाता: मोबाइलचा फोटो ४:३ प्रमाणाचा असतो आणि ४ × ६ चा कागद ३:२ चा. बॉर्डरलेस छापताना आडव्या फोटोचं वरचं-खालचं कापलं जाणारच. आजोबांचा फेटा अर्धा गेला म्हणून प्रिंटरवर चिडण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट नोझल चेक, म्हणजे हेडमधली शाईची बारीक छिद्रं उघडी आहेत का ते बघणं. प्रिंटरच्या मेन्टेनन्समध्ये हा पर्याय असतो. एक नक्षी छापली जाते आणि तिच्यात एकही रेघ तुटलेली नसावी. एल३२५० मध्ये काळ्यासाठी १८० नोझल आहेत आणि बाकीच्या तिन्ही रंगांना प्रत्येकी ५९. फोटोचा बहुतेक भार याच ५९-५९ नोझलांवर पडतो, आणि त्यातली दोन-तीन बंद असली तरी पत्र छापताना ते लक्षातही येत नाही. फोटोत मात्र लगेच उमटतं. नक्षी तुटलेली असेल तर हेड क्लिनिंग एकदा, फार तर दोनदा करा, आणि तरी सुटलं नाही तर काही तास थांबा. क्लिनिंगमागून क्लिनिंग करत बसलं तर शाई नुसती आतल्या पॅडमध्ये जिरते.

तिसरी गोष्ट थांबण्याची. ताजी प्रिंट वाळल्यासारखी वाटली तरी शाईचा ओलावा निघून रंग बसायला वेळ लागतो. सावल्या थोड्या बदलतात, चमक बदलते. एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी बघा. बघायची ती खिडकीपाशी, थेट ऊन पडणार नाही अशा जागी. छपाईच्या व्यवसायात रंग तपासायला ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा प्रकाश प्रमाण मानतात. घरातला पिवळा बल्ब त्याच्या जवळपासही नसतो, आणि त्याच्याखाली प्रत्येक चेहरा खुशाल दिसतो. पांढऱ्या ट्यूबखाली तोच चेहरा आजारी वाटतो. खिडकीचा निकाल खरा माना, पण जिथे फोटो लावणार त्या भिंतीवरही एकदा धरून बघा.

कागद, आणि पुन्हा कागद

या सगळ्यात कागदाचं माप सर्वांत जड आहे. तोच प्रिंटर, तीच फाइल, तीच शाई; कागद बदला आणि वेगळ्याच प्रिंटरमधून आल्यासारखी प्रिंट निघते.

झेरॉक्सच्या ७५ जीएसएम (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या) कागदात शाई तंतूंमध्ये झिरपते, पसरते, रंग मळकट होतात, कागद ओलसर होऊन लहरी धरतो. त्याच्यावरून फोटोचा दर्जा ठरवूच नये. फोटोचा कागद वेगळा असतो तो त्याच्या वरच्या थरामुळे. आजच्या बहुतेक ग्लॉसी कागदांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाच्या अतिसूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर असतो. थेंब पडल्या जागी आत ओढला जातो, पसरत नाही आणि हाताला लगेच कोरडा लागतो.

बाजारात मात्र ‘ग्लॉसी फोटो पेपर’ या एकाच नावाखाली दोन जाती विकल्या जातात. स्टेशनरीच्या दुकानातलं १८० जीएसएमचं स्वस्त पाकीट बहुधा कास्ट-कोटेड असतं: साधा जाड कागद, एका बाजूला चकाकी. दुसरी जात आरसी, म्हणजे रेझिन-कोटेड. तिच्यात कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, आणि लॅबच्या फोटोसारखा हाताला लागतो तो हाच. वजनाने बहुधा २४० जीएसएमच्या पुढे. ओळखायचं कसं? मागच्या बाजूला पाण्याचं बोट लावा. कास्ट-कोटेड पाणी पिऊन काळपट डाग धरेल, आरसीवर थेंब तसाच राहील. कोपरा फाडला तर आरसीचा प्लॅस्टिकचा पापुद्रा वेगळा निघतो. स्वस्त कागद टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. शाळेच्या प्रोजेक्टला तो उत्तम. पण त्याच्यावर गडद भाग जास्त भरला की कागद वळतो, काळा रंग राखाडीकडे झुकतो, आणि त्याच्या जिवावर प्रिंटरला नापास करणं अन्यायाचं आहे. पारख करायची तर प्रिंटरच्याच कंपनीच्या आरसी ग्लॉसी कागदाचं छोटं, ४ × ६ चं पाकीट एकदा आणावंच. तेवढा खर्च वसूल होतो, कारण हा प्रिंटर जास्तीत जास्त किती चांगलं देऊ शकतो ते त्यातून कळतं. मग स्वस्त कागद त्याच्या किती जवळ जातो ते बघता येतं.

कागद बदलला की ड्रायव्हरमधलं ‘पेपर टाइप’ही बदलायलाच हवं, आणि इथे फार जण घसरतात. हे सेटिंग म्हणजे नुसती नोंद नाही. किती शाई टाकायची, हेडने एकाच पट्ट्यावरून किती वेळा फिरायचं, रंगांचं कोणतं कोष्टक वापरायचं, हे सगळं त्यावरून ठरतं. कॅननच्या जी मालिकेतल्या बऱ्याच चार रंगांच्या प्रिंटरांत आणि एचपीच्या टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते, रंगीत शाया डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे बारीक कण; साध्या कागदावर अक्षरं ठसठशीत उठावीत म्हणून ते घेतात. हे कण ग्लॉसी कागदाच्या छिद्रांत शिरत नाहीत, वरच बसतात. म्हणून ग्लॉसी निवडलं की असा प्रिंटर काळी शाई बाजूला ठेवतो आणि सायन, मॅजेंटा, पिवळा मिसळून काळा तयार करतो. तुम्ही ‘प्लेन पेपर’ सेटिंगवर ग्लॉसी कागद घातला तर काळी शाई पडते आणि दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. केसांवरून बोट फिरवलं आणि काळं लागलं, तर आधी सेटिंग तपासा.

मोबाइलवरून थेट प्रिंट देताना हे पर्याय बऱ्याचदा अर्धेच दिसतात. पारखीची प्रिंट शक्यतो कॉम्प्युटरवरून, क्वालिटी ‘हाय’ ठेवून काढा. वेळ लागेल. लागू द्या.

कोणता फोटो छापायचा

सूर्यास्ताचा नको. सूर्यास्त कुठल्याही प्रिंटरवर बरा दिसतो. आकाश थोडं जांभळट झालं काय नि केशरी झालं काय, कुणाला मूळ रंग आठवत असतो? फुलांचे क्लोज-अपही असेच, प्रिंटरची बाजू घेणारे.

लग्नातला एखादा ग्रुप फोटो घ्या, चांगल्या उजेडात काढलेला. मला याहून कठोर परीक्षक माहीत नाही. त्यात वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे असतात, काळे केस असतात, कुणाची काळी किंवा गडद निळी शेरवानी असते, पांढरा सदरा असतो, शालूची जर असते, झेंडूच्या माळा असतात. आणि मुख्य म्हणजे ती माणसं तुमच्या ओळखीची असतात. आत्याचा रंग कसा आहे हे तुम्हाला कुठल्याही यंत्रापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता कुठे काय बघायचं. आधी चेहरे. उजळ गालावर रवा दिसतो का? हनुवटीखाली, गळ्याशी, जिथे उजेडाकडून सावलीकडे त्वचा हळूहळू जाते, तिथे रंग सलग उतरतो की मध्येच पायरी पडते? सावळ्या चेहऱ्याची सावली तपकिरीच राहते की विटकरी लाल होते, किंवा हिरवट? चार रंगांचे प्रिंटर इथेच सगळ्यात जास्त अडखळतात, कारण सावळ्या त्वचेची सावली म्हणजे तिन्ही रंगीत शाया जवळजवळ सारख्या प्रमाणात. एक जरा वर गेली की तोल ढळला. जाहिरातींतल्या नमुना फोटोंत गोरे, भरपूर उजेडातले चेहरे का असतात, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग काळा. केसांमध्ये बटा वेगळ्या दिसतात की नुसता काळा ठिपका झालाय? शेरवानीची घडी आणि बटणपट्टी दिसते का? आणि तो काळा, काळाच आहे का? तीन शायांतून बनवलेला काळा पुष्कळदा तपकिरी किंवा हिरवट झाक मारतो. फोटोच्या शेजारी खरा काळा काहीतरी धरा, मोबाइलची बंद स्क्रीन चालेल, म्हणजे लगेच कळेल.

पांढऱ्या सदऱ्यात चुण्या शिल्लक असाव्यात. कागदाचा कोरा पांढरा सलग दिसला तर उजळ बाजूचे तपशील गेले. झेंडूच्या माळेत मात्र थोडी सूट द्या. झगझगीत केशरी रंग मॅजेंटा आणि पिवळ्यातून जेमतेमच येतो, आणि स्क्रीनवरचं ते तेज कुठल्याच चार शायांच्या आवाक्यात नाही. गडद निळ्याचंही तसंच; तो जांभळ्याकडे सरकतो. मोरपंखी साडीची हिरवी-निळी झाक नेमकी जमली तर त्या प्रिंटरला मनापासून दाद द्या.

या फोटोबरोबर एक दुसरी प्रिंट काढायची, तीही दिसायला अगदी रटाळ: राखाडी रंगाची पट्टी, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत वीस-पंचवीस पायऱ्यांची. कुठल्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये ती दहा मिनिटांत होते. प्रत्येक चौकोनात लाल, हिरवा, निळा यांची मूल्यं सारखी ठेवायची. फोटोवर आपलं मन भुलतं, राखाडीवर भुलायला काही नसतं. सगळी पट्टी एकसारखी गुलाबट किंवा निळसर दिसत असेल तर काळजी नको, ड्रायव्हरमधल्या कलर ॲडजस्टमेंटने ती सरळ होते. पण फिकट पायऱ्या गुलाबट आणि गडद पायऱ्या हिरवट, असा रंग मध्येच कूस बदलत असेल तर तिथे स्लायडर हरतो. एक टोक सुधारायला जावं तर दुसरं बिघडतं. यावर इलाज म्हणजे त्या कागद-शाईच्या जोडीसाठी बनवलेलं आयसीसी प्रोफाइल (रंगांचा हिशेब दुरुस्त करणारी फाइल), किंवा कागदच बदलणं. कंपनीच्या शाईऐवजी बाजारातली कॉम्पॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेली शाई भरली असेल तर हा प्रकार हमखास भेटतो, कारण ड्रायव्हरमधली कोष्टकं मूळ शाई गृहीत धरून केलेली असतात.

गडद टोकाकडे किती पायऱ्या एकमेकींत बुडाल्या, तेही मोजा. शेवटच्या दोन-तीन बुडणं चालेल. पाच-सहा बुडत असतील तर लग्नातले सगळे कोट पुतळ्याच्या कोटासारखे दिसणार.

आजी-आजोबांचे जुने कृष्णधवल फोटो स्कॅन करून छापायचे असतील तर ही राखाडी पट्टी हीच खरी परीक्षा. रंगीत फोटोत खपून जाणारी हिरवट झाक कृष्णधवल चेहऱ्यावर लपत नाही. अशा कामाला चार रंगांचा प्रिंटर मी सुचवणार नाही. करायचंच असेल तर फोटोला मुद्दाम हलका सेपिया रंग द्यावा, म्हणजे झाक त्यात विरून जाते.

रेघा, पट्टे आणि चमक

हेड ज्या दिशेने धावतं त्या दिशेला समांतर, सारख्या अंतरावर बारीक रेघा येत असतील तर कारणं तीनच: नोझल बंद, हेडचं अलाइनमेंट (थेंब नेमक्या जागी पडण्याची जुळणी) बिघडलेलं, किंवा कागद पुढे सरकताना मापात चुकतोय. नोझल चेक करून झालंच आहे; आता अलाइनमेंटचं पान छापा. ड्रायव्हरमध्ये ‘हाय स्पीड’ किंवा ‘बायडायरेक्शनल’ नावाची खूण असेल तर ती काढा, म्हणजे हेड एकाच दिशेला जाताना शाई टाकेल आणि जाता-येताना होणारी चुकामूक टळेल. इतकं करूनही निळ्या सपाट आकाशात पट्टे दिसत असतील तर ती त्या यंत्राची मर्यादा समजावी. कागदाच्या शेवटच्या सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरमध्ये पट्टा दिसणं मात्र बऱ्याच स्वस्त प्रिंटरांत नित्याचं. तिथे मागच्या रोलरची पकड सुटलेली असते.

प्रिंट तिरकी धरून चमकही बघा. चारही शाया पिगमेंटच्या असलेले घरगुती प्रिंटरही मिळतात. एपसनची ड्युराब्राइट शाई तशी आहे. मॅट कागदावर ती झकास दिसते आणि पाण्याला दाद देत नाही. ग्लॉसीवर तिरक्या उजेडात शाईचा भाग वेगळा चमकतो, कोरा कागद वेगळा. काचेच्या फ्रेममध्ये हे झाकलं जातं, अल्बममध्ये नाही.

स्क्रीनवर तर किती छान दिसत होता!

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि तिचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. स्क्रीन स्वतः उजेड फेकते. कागद त्याच्यावर पडलेला उजेडच तेवढा परत करतो. त्यात मोबाइलच्या डिस्प्लेचा ‘व्हिव्हिड’ मोड आणि पूर्ण चढवलेला ब्राइटनेस. तुलना करायचीच असेल तर मोड ‘नॅचरल’ करा, आणि ब्राइटनेस इतका उतरवा की स्क्रीनवरचं कोरं पांढरं पान खिडकीपाशी धरलेल्या कोऱ्या कागदाइतकंच उजळ वाटेल. प्रिंट ‘काळपट’ आल्याच्या तक्रारी यातच बऱ्याच विरतात. उरलेल्या तक्रारी, छापण्याआधी फोटो थोडा उजळवला की सुटतात.

किती दिवस टिकेल

आज सुरेख दिसणारी प्रिंट वर्षाने कशी दिसेल, हाही दर्जाच, पण दुकानात तो दिसत नाही. डायच्या शाईला दोन शत्रू: उजेड आणि हवा. हवेतला ओझोन सच्छिद्र थरात शिरून रंगाचे रेणू तोडतो. २००० साली याचा मोठा धडा मिळाला. एपसनचे स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर टिकाऊ रंगांचे म्हणून बाजारात आले, आणि काही घरांत त्यांच्या ग्लॉसी प्रिंट काही आठवड्यांतच केशरी झाल्या. सायन रंग ओझोनने खाल्ला, मागे मॅजेंटा आणि पिवळा उरले, की केशरीच दिसणार. शाया तेव्हापासून पुष्कळ सुधारल्या आहेत, पण उघड्यावर टाचणीने लावलेली डायची प्रिंट आजही काचेमागच्या प्रिंटच्या आधी विटते. कंपन्या सांगतात ती वर्षं कोणत्या उजेडात मोजली तेही बघावं. विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही नामांकित संस्था दिवसाला १२ तास ४५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) धरते. खिडकीजवळच्या भिंतीवर भर दुपारी याच्या कितीतरी पट उजेड असतो.

घरच्या घरी चाचणी करता येते. राखाडी पट्टीच्या दोन प्रती काढा, दोन वेगवेगळ्या कागदांवर किंवा शायांवर. प्रत्येकीचा अर्धा भाग जाड काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि दोन्ही उन्हाच्या खिडकीत चिकटवून ठेवा. महिन्याने पुठ्ठा काढा. आकडा मिळणार नाही, पण दोघींत लवकर कोण विटतं ते स्पष्ट दिसतं.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत निराळाच त्रास: कागदाचं उघडं पाकीट दमट हवा पितं आणि जूनमध्ये उत्तम आलेला फोटो ऑगस्टमध्ये रंग फुटल्यासारखा येतो. पाकीट झिपच्या पिशवीत ठेवा. पारखीच्या दोन प्रिंटांमध्ये ऋतू बदलला असेल तर तेवढी सूट धरा.

दुकानात

नवा प्रिंटर घेताना दुकानदार आतला तयार नमुना छापून दाखवतो. तो छान येतो, कारण तो छान येण्यासाठीच निवडलेला असतो. त्यापेक्षा पेन ड्राइव्हमध्ये तो लग्नाचा फोटो आणि राखाडी पट्टी घेऊन जा, सोबत स्वतःचे चार आरसी कागद न्या, आणि ‘पेपर टाइप’ तुमच्या डोळ्यांदेखत बदलायला सांगा. गर्दीची वेळ सोडून गेलात तर बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत. प्रिंट तिथल्या दिव्याखाली न बघता बाहेर रस्त्यावर, सावलीत येऊन बघा. बाटलीवर लिहिलेल्या हजारो पानांच्या आकड्यावरून फोटोचा खर्च काढू नका. ती पानं ठरावीक नमुन्याच्या कागदपत्रांची मोजलेली असतात, काठोकाठ शाईने भरलेल्या फोटोची नव्हेत.

आणि महिन्याला पाच-दहाच फोटो हवे असतील, तेही अल्बमसाठी, तर खुशाल लॅबमध्ये द्या. घरच्या चार रंगांच्या प्रिंटरचं खरं काम शाळेची पानं, आधारच्या प्रती आणि रात्री दहा वाजता आठवलेला प्रोजेक्टचा फोटो. यातल्या शेवटच्या कामाला कुठलीच लॅब उघडी नसते.